सोफिया २०१०, बारावा डाव: आनंदचा लास्कर डिफेन्स आणि सी८ चा उंट

पटावरून

विश्वनाथन आनंद आणि वेसेलिन टोपालोव यांच्या २०१० च्या विश्वविजेतेपदाच्या मॅचमधल्या बाराव्या डावाचा विषय निघाला की लोक एका वाक्यात उरकतात, टोपालोवने ३१ आणि ३२ व्या चालीला माती खाल्ली आणि आनंद जिंकला, संपलं. चुका झाल्या यात वादच नाही. पण त्या कुठल्या पोझिशनमध्ये झाल्या आणि ती पोझिशन पटावर आली कुठून, हे कोणी बोलतच नाही. माझं म्हणणं असं आहे की या डावाचं बीज सातव्या चालीत पडलं, आनंदने घोडा ई४ वर ठेवला तिथे, आणि डाव जिंकून दिला सी८ च्या उंटाने. क्वीन्स गँबिट डिक्लाइन या ओपनिंगमध्ये (ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीची ठरलेली मांडणी) काळ्याचा हाच उंट ई६ च्या प्याद्यामागे कोंडलेला असतो आणि सगळे त्याच्याच नावाने रडतात. म्हणून हा धागा.

आधी परिस्थिती सांगतो म्हणजे नवीन लोकांना कळेल. एप्रिल-मे २०१०, बल्गेरियाची राजधानी सोफिया, म्हणजे टोपालोवचं घरचं मैदान. बारा डावांची मॅच. पहिल्याच डावात आनंद ग्रुनफेल्डमध्ये ३० चालींत हरला. दुसऱ्या आणि चौथ्या डावात कॅटलन खेळून पांढऱ्याने जिंकला, मग आठव्या डावात स्लाव्हमध्ये विरुद्ध रंगांच्या उंटांच्या एंडगेममध्ये ५४ व्या चालीला उंट चुकीच्या घरात गेला आणि हरला, पुन्हा बरोबरी. नवव्यात हातातला विजय निसटला. अकरा डाव झाले तेव्हा ५.५-५.५. आणि शेवटच्या डावात काळी मोहरी आनंदकडे. तारीख ११ मे. हा डाव बरोबरीत सुटला असता तर दोन दिवसांनी रॅपिड, म्हणजे कमी वेळेचे टायब्रेकचे डाव, आणि रॅपिडमध्ये आनंद म्हणजे काय ते टोपालोवला चांगलंच माहीत होतं.

आता काळ्याने खेळायचं काय? त्या मॅचमध्ये आनंद काळ्याने ग्रुनफेल्ड दोनदा खेळला (पहिला आणि दहावा डाव), स्लाव्ह तीनदा (तिसरा, पाचवा, आठवा). म्हणजे दोन्ही ओपनिंग समोरच्याने पाहिलेल्या, रात्ररात्र उलट्यासुलट्या तपासलेल्या, टोपालोवच्या टीमकडे रिब्का या इंजिनचा (चाली तपासणाऱ्या प्रोग्रामचा) मोठा क्लस्टर होता हे तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. अशा वेळी आनंदने काढलं काय तर लास्कर डिफेन्स. ज्या लास्करने १९०७ साली मार्शलविरुद्धच्या वर्ल्ड चँपियनशिप मॅचमध्ये हे वापरलं तो लास्कर!

चाली अशा (x म्हणजे मारणे, आकड्यानंतर ... म्हणजे काळ्याची चाल):
१. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. घोडा सी३ उंट ई७ ५. उंट जी५ एच६ ६. उंट एच४ किल्लेकोट ७. ई३ घोडा ई४

ही सातवी चाल म्हणजे लास्कर. एक तर ई७-एच४ वर समोरासमोर आलेले उंट मारामारीत जातात, मग सी३ वर घोडे जातात, म्हणजे चार मोहरी पटावरून उतरली, आणि काळ्याची जागेची जी टंचाई असते ती निम्मी संपली. काळ्याचं कुठलंही प्यादं कमकुवत झालेलं नाही, राजा सुरक्षित. पांढऱ्याला थोडं बरं आहे, पण धरून हल्ला करावा असं काही नाही. टोपालोवसारख्या खेळाडूला, ज्याला पट पेटलेला हवा असतो, त्याला ही पोझिशन देणं हीच खरी चाल होती.

८. उंट x ई७ वजीर x ई७ ९. हत्ती सी१ सी६ १०. उंट ई२ घोडा x सी३ ११. हत्ती x सी३ डी x सी४ १२. उंट x सी४ घोडा डी७ १३. किल्लेकोट बी६ १४. उंट डी३ सी५ १५. उंट ई४ हत्ती बी८ १६. वजीर सी२ घोडा एफ६ १७. डी x सी५ घोडा x ई४ १८. वजीर x ई४ बी x सी५

इथे थांबा आणि पट लावून बघा. काळ्याची ए७ आणि सी५ ची प्यादी एकटी पडलीत, पुस्तकी हिशोबाने पांढऱ्याला छान वाटायला पाहिजे. पण पांढऱ्याचा पांढऱ्या घरांचा उंट गेला! त्याच्याकडे उरला घोडा, आणि काळ्याकडे उरला तोच सी८ चा उंट. यापुढे पांढरी घरं सांभाळायला टोपालोवकडे प्याद्यांशिवाय कोणी नाही. मग तो एफ३ खेळतो, जी३ खेळतो, राजा जी२ वर आणतो, म्हणजे ए८ पासून एच१ पर्यंतच्या कर्णावर बरोबर राजा बसवतो, मध्ये फक्त एफ३ चं एक प्यादं.

तो उंट काय करतो बघा. १९ व्या चालीला बी७, २१ ला ए६, २४ ला डी३, २५ ला परत ए६, २६ ला परत बी७, २८ ला ए८. पटाच्या कोपऱ्यात. आणि मग १७ चाली हलतच नाही. पुढे हललाय तो ४६ व्या चालीला, जी२ वर मारायला.

तोपर्यंत टोपालोव काय करत होता, तर हत्ती ए३, घोडा बी३, घोडा ए५, घोडा सी४. सगळी मोहरी ए७ आणि सी५ च्या मागे वजिराच्या बाजूला. मग २९...ई५ ३०. ई४ एफ५! ३१. ई x एफ५ ई४! ३२. एफ x ई४ वजीर x ई४ शह. कर्ण उघडला. राजा जी१ वर गेला तर वजीर एच१ आणि मात, कारण मागून ए८ चा उंट जोर देतोय. म्हणून ३३. राजा एच३, आणि तिथून राजाची जी फरफट सुरू झाली ती थेट ५६ व्या चालीपर्यंत, ०-१. आनंद ६.५-५.५ ने विश्वविजेता राहिला.

तर बोला. ओपनिंगचं श्रेय किती?

अडीचघर

धागा छान, पण मुद्दा मला अर्धाच पटतोय. ३१. ई x एफ५ च्या जागी घोडा डी२ खेळला असता तर टोपालोव टिकला असता, काळ्याने एफ x ई४ केलं की घोडा x ई४ आणि घोडा मध्यात छान बसतो, कर्णही बंद. डाव बरोबरीत. मग आज आपण लास्कर डिफेन्सवर धागा काढला असता का? नसता काढला. तेव्हा लोक म्हणाले असते की आनंदने शेवटच्या डावात हातपाय गाळून बचाव केला.

लास्करने बरोबरी दिली एवढंच खरं. जिंकून दिलं ते टोपालोवच्या रॅपिडच्या धास्तीने. त्याने आधीच जाहीर केलं होतं की मी बरोबरीचा प्रस्ताव देणार नाही, आणि शेवटच्या डावात पांढरी त्याच्याकडे, घरचे लोक बघतायत, म्हणजे जिंकायचंच असं डोक्यात घेऊन बसला. अशा डोक्याने कुठलीही ओपनिंग आली असती तरी त्याने कुठेतरी ताणलंच असतं.

सांगलीकर_जुना

वा, बऱ्याच दिवसांनी कोणीतरी निकालाच्या पलीकडे जाऊन डावावर लिहिलं. आमच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी ज्या पिढ्या घडवल्या त्यांना असं पट लावून बसायची सवय होती, आता सगळे इंजिनचा आकडा बघतात आणि पुढे जातात.

एक भर घालतो. १३ व्या चालीला लास्करची मळलेली वाट आहे १३...ई५. १९८९ ला लंडनमध्ये कँडिडेट्सच्या (विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेच्या) सेमीफायनलमध्ये युसुपोव कार्पोवविरुद्ध हेच खेळत होता, तिथे १४. उंट बी३ ई x डी४ १५. ई x डी४ घोडा एफ६ १६. हत्ती ई१ वजीर डी६ १७. घोडा ई५ असं जातं. त्यात डी४ ला पांढऱ्याचं एकटं प्यादं राहतं पण घोडा ई५ वर, उंट एफ७ कडे डोळा लावून, म्हणजे पांढऱ्याला खेळायला जागा मिळते. कार्पोवच्या हातात अशी पोझिशन म्हणजे काळ्याने तासन्‌तास सोसायचं. टोपालोवची तयारी असली तर याच ई५ वर असणार हे उघड आहे.

आनंदने ई५ टाळून बी६ केलं. फरक काय पडला? ई५ मध्ये सी८ चा उंट आपोआप मोकळा होतो पण पांढऱ्याचा पांढऱ्या घरांचा उंटही जिवंत राहतो. बी६-सी५ मध्ये काळा कर्ण धरायच्या मागे असतो, आणि पांढऱ्याला तो कर्ण अडवायला स्वतःचा उंट ई४ वर आणावा लागतो, तिथे त्याला घोडा येऊन मारतो. म्हणजे १५. उंट ई४ ही चाल दिसायला सुंदर, हत्तीवर रोख आहे, पुढे एच७ वर वजीर-उंट एका रेषेत येतात, पण खरं बघितलं तर तिथेच पांढऱ्याने आपला पांढऱ्या घरांचा राखणदार विकला. पटावरून यांचा मुद्दा म्हणून मला पटतो, उंटाची गोष्ट ओपनिंगमध्येच सुरू होते.

अडीचघर, ३१. घोडा डी२ बरोबर आहे. पण तो घोडा सी४ वर नेमका का होता? तीन-चार चाली खर्चून त्याने तो डी२ वरून बी३, ए५, सी४ असा फिरवून आणला होता, ई५ आणि डी६ कडे बघत. इतकी पायपीट करून आलेला घोडा लगेच परत डी२ वर न्यायचा हे माणसाच्या हाताला जड जातं. इंजिनला जात नाही.

फ्रँकफर्टकर

ओपनिंगमधलं मला फार कळत नाही, वाचायला आवडतं म्हणून येतो, पण या मॅचची एक गोष्ट मी जवळून अनुभवलेली आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडचा ज्वालामुखी फुटला आणि राखेच्या ढगाने अख्ख्या युरोपची विमानं बंद. मी तेव्हा इथे नवीन होतो, आई पुण्याहून यायची होती ती अडकली. फ्रँकफर्टच्या विमानतळावर ट्रान्झिट एरियात कँपकॉट टाकलेले, लहान मुलं रडतायत, बोर्डावर सगळीकडे रद्द रद्द रद्द. त्याच दिवसांत आनंदही फ्रँकफर्टला अडकला होता! त्याने मॅच तीन दिवस पुढे ढकला म्हणून विनंती केली, एकच दिवस मिळाला, २३ ची २४ एप्रिल झाली. मग तो, त्याची बायको अरुणा आणि टीम गाडी करून रस्त्याने निघाले, ऑस्ट्रिया, हंगेरी, रोमानिया करत सोफिया, जवळपास ४० तास.

पहिला डाव ३० चालींत हरला तेव्हा आमच्या इथल्या मराठी मंडळात सगळ्यांनी प्रवासालाच दोष दिला. त्या प्रवासानंतर तीन आठवड्यांनी शेवटच्या डावात काळ्या मोहऱ्यांनी इतकं शांत खेळणं, मला तरी हेच जास्त भारी वाटतं.

वऱ्हाडी_माणूस

भाऊ मस्त धागा. मी नागपूरचा, त्यामुळे शेवटच्या डावात काळी मोहरी आणि विजय म्हटलं की आमची दिव्या देशमुख डोळ्यासमोर येते. जुलै २०२५, बाटुमी, महिला वर्ल्ड कपची फायनल, समोर कोनेरू हंपी. दोन क्लासिकल बरोबरीत, पहिला रॅपिड बरोबरीत, आणि दुसऱ्या रॅपिडमध्ये काळ्या मोहऱ्यांनी दिव्याने जिंकून दाखवलं. वर्ल्ड कप पण आणि ग्रँडमास्टर पण, एका झटक्यात. त्या दिवशी आमच्या गल्लीत ज्यांना घोडा कसा चालतो ते माहीत नाही ते पण टीव्हीसमोर बसून होते. शेवटी ती रडत आईला बिलगली तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल.

आणि गुकेश! १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, डिंग लिरेनविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या मॅचचा चौदावा डाव, तिथेही स्कोअर बरोबरीत, तिथेही काळी मोहरी आपल्या पोराकडे. डिंगने ५५ व्या चालीला हत्ती एफ२ केलं, गुकेशने हत्ती मारले, मग उंट डी५ वर आणून उंटही मारायला लावले आणि प्याद्यांचा एंडगेम जिंकला. तिथे पण लोकं म्हणाले डिंग चुकला म्हणून जिंकला. अरे पण चार-पाच तास कोण बसलं होतं समोर एक प्यादं जास्त घेऊन, न कंटाळता? मला अडीचघर यांचं म्हणणं म्हणून पटत नाही. समोरचा चुकेल अशी पोझिशन धरून ठेवणं हे पण खेळणंच आहे ना.

अडीचघर

वऱ्हाडी भाऊ, गुकेशचं उदाहरण चांगलं आहे पण ते उलट्या बाजूने लागू पडतं. डिंगला टायब्रेक हवा होता, म्हणून तो मोहरी कमी करायच्या मागे होता आणि त्यातच चुकला. टोपालोवला टायब्रेक नको होता, म्हणून तो मोहरी ठेवून ताणत होता आणि त्यात चुकला. दोन्हीकडे चुकीचं कारण घड्याळ आणि टायब्रेकचा हिशोब आहे, ओपनिंग नाही. गुकेशच्या त्या डावात ओपनिंग कुठली होती हे इथे किती जणांना आठवतंय? (घोडा एफ३, जी३ वाली रेटी होती.) कोणी त्यावर धागा काढला नाही.

आनंदच्या तयारीला मी कमी लेखत नाही, ते नोंदवून ठेवतो. नील्सन, कासिमजानोव, गांगुली, वॉयताशेक अशी टीम, वर कास्पारोव, क्रामनिक आणि कार्लसन यांनी मदत केली होती हे आनंदनेच नंतर सांगितलं. इतक्या डोक्यांनी मिळून शेवटच्या डावासाठी निवडलेली ओपनिंग साधीसुधी असणार नाहीच. माझा वाद फक्त 'जिंकून दिलं' या शब्दाशी आहे.

पटावरून

अडीचघर, टायब्रेकचा हिशोब आणि ओपनिंग तुम्ही वेगळे करताय, मला ते एकच वाटतात. विचार करा, समोरच्याला रॅपिड नकोय हे आनंदला आणि त्याच्या टीमला माहीत होतं. म्हणजे समोरचा ताणणार हे माहीत होतं. मग अशा माणसाला कुठली पोझिशन द्यायची? जिथे ताणायला काहीच नाही ती. ग्रुनफेल्ड दिला असता तर टोपालोवला हवं तसं मैदान मिळालं असतं, मोठं सेंटर, घरी तपासलेल्या वीस-पंचवीस चाली, त्याचा अ‍ॅटॅक. पहिल्या डावात तेच झालं होतं. लास्करमध्ये ताणायचं तर त्याला स्वतःची प्यादी हलवावी लागणार, स्वतःची मोहरी राजापासून लांब न्यावी लागणार. एफ३, जी३, हत्ती ए३, घोड्याची ती पायपीट, यातली एकही चाल काळ्याने जबरदस्तीने खेळायला लावलेली नाही. सगळ्या त्याने आपणहून केल्या, कारण त्या पोझिशनमध्ये जिंकायला दुसरा मार्गच नव्हता.

आणि आनंद नुसता वाट बघत बसला असंही नाही. २९...ई५ आणि ३०...एफ५ या चाली बघा. २८ व्या चालीपर्यंत हत्ती डी आणि सी फाइलवर, उंट ए८, सगळं जागच्या जागी, आणि टोपालोवचा घोडा ज्या क्षणी सी४ वर पोचला त्याच क्षणी मध्यात प्यादी उघडली. इतका मोठा डाव, वर्ल्ड टायटल, आणि राजासमोरचं एफ प्यादं दोन घरं पुढे ढकलायचं! बरोबरी चालत होती त्या माणसाने हे केलंय. सांगलीकर काका, तुमचं १३...बी६ वरचं लिहिलेलं वाचून तो उंट ई४ वाला मुद्दा मला आणखी स्वच्छ दिसला, आभार.

मीरा_आई

नमस्कार, मी इथे पहिल्यांदा लिहितेय. माझी मुलगी तेरा वर्षांखालच्या जिल्हा स्पर्धा खेळते, रेटिंग १३०० च्या आसपास. तिच्या सरांनी तिला किंग्ज इंडियन दिलंय पण तिला ते जमत नाहीये, प्यादी पुढे ढकलते आणि मग राजाच उघडा पडतो. हा धागा तिला वाचून दाखवला आणि ती पट लावूनच बसली. तिचा एक प्रश्न आहे तो जसाच्या तसा लिहिते: "३४ व्या चालीला आनंद सरांनी वजीर मागे ई८ वर का नेला? राजा एच३ वर उघडा असताना वजीर लांब का?" मला काही सांगता येईना.

दुसरा प्रश्न माझा, लास्कर हे तिच्या वयाच्या मुलांना द्यावं का? की खूप पाठांतर आहे?

पटावरून

मीराताई, मुलीने प्रश्न फार नेमका विचारलाय, तिला माझी शाबासकी सांगा.

३३. राजा एच३ नंतर आनंदने हत्ती डी४ केलं. तो हत्ती घोड्यावर तर आहेच, शिवाय चौथी पूर्ण रांग त्याने बंद केली, म्हणजे राजाला जी४ नाही. घोडा ई३ वर आला. आता तिला म्हणावं, एच३ च्या राजाची घरं बोटाने मोज. जी२ वर जाता येत नाही कारण ए८ चा उंट, कर्णावर आता मध्ये कोणीही नाही. जी४ आणि एच४ वर हत्तीचा जोर, म्हणजे राजाला एकही घर नाही. आता वजीर ई८ वर ठेव आणि एफ७, जी६, एच५ अशी तिरकी रेघ बघ. पुढची धमकी आहे वजीर एच५ आणि सरळ मात! मध्ये घालायला मोहरं नाही, वजिराला मारायला कोणी नाही. वजीर मागे गेला म्हणजे लांब गेला नाही, दुसऱ्या रस्त्याने राजापर्यंत आला. ई४ वरून एच५ ला एका चालीत जाता येत नव्हतं, ई८ वरून येतं. म्हणून टोपालोवला ३५. जी४ करावंच लागलं, त्यावर आनंदने एच५ करून तेही प्यादं उखडायला घेतलं, आणि राजा एच४ वर, उघड्या रानात.

पुढे ४५...हत्ती जी२ शह बघायला सांगा. त्या हत्तीमागे ए८ चा उंट आहे. टोपालोवने वजीर देऊन हत्ती मारला, उंटाने वजीर मारला, राजाने उंट मारला, मग वजीर ई२ शह. पटावर काळ्याचा वजीर आणि पांढऱ्याचे हत्ती-घोडा उरले, आणि सी प्यादं पुढे. तेच सी५ चं एकटं प्यादं, ज्याच्या मागे पांढरा डावभर लागला होता!

सांगलीकर_जुना

मीराताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, मुलांना शिकवण्यात बरीच वर्षं गेली आहेत.

लास्कर मुलांना द्यावा, नक्की द्यावा, पण एकटा देता येत नाही हे आधी समजून घ्या. लास्कर यायला पांढऱ्याने उंट जी५ वर आणायला पाहिजे, मग एच४ ला मागे घ्यायला पाहिजे आणि ई३ करायला पाहिजे. पांढऱ्याने उंट एफ४ वर ठेवला तर लास्कर नाही. जी३ करून कॅटलन खेळला तर नाही. आणि तुमच्या मुलीच्या लेव्हलला सगळ्यात जास्त येणार ते एक्स्चेंज, म्हणजे चौथ्या-पाचव्या चालीलाच सी x डी५ ई x डी५. तिथे प्याद्यांचा ढाचाच वेगळा, आणि एक फायदा म्हणजे सी८ च्या उंटाचा रस्ता ई६ वरून प्यादं उठल्याने तिथेच मोकळा होतो. म्हणून सरांना सांगून क्वीन्स गँबिट डिक्लाइन पूर्ण घ्या, लास्कर हा त्यातला एक भाग.

पाठांतर कमी आहे. तिने लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच. एच६ आधी, मग घोडा ई४. एच६ केलेलं असलं की पुढे पांढऱ्याचा वजीर-उंट एच७ वर रोखले तरी तिथे मारायला प्यादं नसतं. ई७ वर उंट मारला गेला की वजिरानेच परत मारायचं. आणि नवव्या चालीला पांढऱ्याने सी x डी५ केलं तर आधी घोडा x सी३, बी x सी३, आणि त्यानंतरच ई x डी५. हा क्रम मुलं हमखास उलटा करतात, घाईने आधी डी५ वर परत घेतात आणि मग पांढऱ्याच्या सी३ च्या घोड्याला डी५ चं प्यादं फुकट देऊन बसतात. हा एकच क्रम तिच्याकडून पटावर पुन्हा पुन्हा करून घ्या.

त्या ओळीत पुढे पांढरा सी४ करून सेंटर उडवायला बघतो, वजीर बी३ पण येतो, तेव्हा काळ्याने हत्ती डी८ वर आणून घोडा सी६ ला काढायचा. एवढं आलं की जिल्हा पातळीला पुरे.

किंग्ज इंडियनबद्दल सरांशी भांडू नका मात्र. ते मोठी झाल्यावर कामाला येतं. आत्ता तिला राजा सुरक्षित ठेवून मोहरी अदलाबदल करायची सवय लागू दे.

अडीचघर

मीराताई, मुलीला अजून एक गोष्ट करायला सांगा. ३० व्या चालीनंतरची पोझिशन लावा, एफ५ झालंय, पांढऱ्याची चाल. पांढऱ्याने बसून तिला स्वतःला ठरवू द्या काय खेळायचं, उत्तर न सांगता. ३१. घोडा डी२ तिला सापडलं तर मला इथे कळवा, मला फार आनंद होईल. आणि नाही सापडलं, तिनेही ई x एफ५ केलं, तर काळ्याचं ई५ चं प्यादं ई४ वर आल्यावर ती काय करते ते बघा.

पटावरून, तुमचा टायब्रेक आणि ओपनिंग एकच असल्याचा मुद्दा मी रात्री परत पट लावून बघतो. १९. वजीर सी२ च्या जागी पांढऱ्याने काय केलं असतं तर उंट बी७ वर इतका सहज आला नसता, हे मला तपासायचंय. तिथे काही चांगलं सापडलं तर ओपनिंगने सगळं ठरलं असं म्हणता येणार नाही.

पटावरून

जरूर बघा. मी पण १९ व्या चालीपासून लावतो. माझा अंदाज आहे की बी७ नाही तर ए६ वरून तो उंट एफ१ च्या हत्तीकडे बघत बाहेर आलाच असता, कारण त्याला अडवायला पांढऱ्या घरांवर पांढऱ्याकडे कोणी उरलेलंच नाही. पण ओळी लिहून टाका, त्यावर बोलू.

मीरा_आई

सगळ्यांचे खूप आभार. अडीचघर दादा, लगेच लावलं. तिने बराच वेळ घेतला, आधी ई x एफ५ ला हात गेला, मग म्हणाली "नको, ए८ वरचा उंट उघडेल" आणि घोडा डी२ ठेवला. आता सांगलीकर काकांचा नववी चालवाला क्रम करून घेतेय.